सुव्यवस्थेची किंमत : कादंबऱ्यांतील दुःस्वप्ननगरी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने श्रोत्यांच्या कानांना गोड लागेल असे बोलावे, हा आपल्याकडचा शिष्टसंमत संकेत आहे. तो थोडासा मोडण्याची परवानगी आम्ही आरंभीच मागून घेतो. आज आम्ही आपणांस काही काल्पनिक नगरांची ओळख करून देणार आहोत. त्यांतील कित्येक नगरांत रस्ते स्वच्छ आहेत, कोणी उपाशी नाही, भांडणतंटा नाही. आणि तरीही तेथे बिऱ्हाड करावे असे आपल्यापैकी एकालाही वाटणार नाही.

सर टॉमस मोर ह्यांनी १५१६ साली एका आदर्श बेटाचे वर्णन लिहिले आणि त्याला ‘युटोपिया’ असे नाव दिले. तेव्हापासून सुखी समाजाच्या स्वप्नाला हा शब्द रूढ झाला. विसाव्या शतकात मात्र लेखकांना हे स्वप्न उलटे दिसू लागले. अशा उलट्या स्वप्नांच्या कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात. आपण आजच्यापुरते त्यांना ‘दुःस्वप्ननगरी’ म्हणू.

असा विषय येथे कशासाठी, असे कोणी विचारील. पन्नास वर्षे टिकलेली संस्था नियमांवाचून टिकत नाही, हे ह्या सभागृहातील ज्येष्ठांना सांगायला नको. घटना, वर्गणी, निवडणूक, हिशेबतपासणी ही बंधने होती म्हणूनच आजचा दिवस उगवला. परंतु बंधन कोठवर असावे आणि माणसाला मोकळीक कोठवर असावी, हा प्रश्न संस्थेपुढे असतो, घरापुढे असतो आणि राष्ट्रापुढेही असतो. ह्या कादंबऱ्यांनी तोच प्रश्न शेवटच्या टोकापर्यंत ताणून पाहिला आहे.

व्यवहाराचा आरंभ

ह्या कादंबऱ्या म्हणजे दुष्ट राजे आणि गरीब प्रजा ह्यांच्या गोष्टी, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तसे नाही. त्यांतील बहुतेक राज्ये एखाद्या महान संकटानंतर उभी राहिलेली आहेत. झाम्यातिन ह्यांच्या कादंबरीत आधी दोनशे वर्षे चाललेले युद्ध होऊन गेले आहे. हक्स्ले ह्यांच्या कादंबरीत नऊ वर्षांचे युद्ध आणि आर्थिक कोसळ आहे. मार्गारेट अॅटवुड ह्यांच्या कादंबरीत राज्यकर्त्यांची कत्तल झालेली आहे आणि मुले जन्माला येणे दुर्मिळ झाले आहे. होरपळलेली माणसे शांतता मागतात, आणि ती देणारा कोणीतरी पुढे येतो. तो म्हणतो, ‘शांतता देतो, तुम्ही मला काय द्याल?’

हा सौदा साहित्याला पूर्वीच ठाऊक होता. डोस्टोव्हस्की ह्यांच्या १८८० साली पूर्ण झालेल्या ‘करामाझोव्ह बंधू’ ह्या कादंबरीत एक वृद्ध धर्माधिकारी साक्षात ख्रिस्तालाच बंदीत टाकून ऐकवतो, की तू माणसांना स्वातंत्र्य दिलेस हीच तुझी चूक. त्यांना ते ओझे पेलत नाही, त्यांना भाकरी हवी आणि नतमस्तक होण्यासाठी कोणीतरी हवा. पुढच्या साऱ्या दुःस्वप्ननगऱ्या ह्या एका प्रवेशातून निघाल्या, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

काचेचे नगर

पहिले नगर येवगेनी झाम्यातिन ह्यांचे. हे गृहस्थ पेशाने जहाजबांधणीचे अभियंते. पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियासाठी बर्फफोडी जहाजे बांधून घेण्यासाठी ते इंग्लंडात राहिले होते. झारच्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले, आणि पुढे क्रांतीनंतरच्या राजवटीनेही टाकले. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी जी कादंबरी लिहिली तिचे नाव एकच शब्द आहे. मराठीत तो ‘आम्ही’ असा करावा की ‘आपण’ असा, ह्याचा विचार शेवटी करू. ती १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीतून निघाली. लेखकाच्या स्वतःच्या देशात छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. १९३१ साली झाम्यातिन ह्यांनी खुद्द स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली आणि ती मिळालीही. १९३७ साली पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला.

त्यांच्या ‘एकमेव राज्या’त माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. कथानायक डी-५०३ हा गणिती आहे. घरे काचेची आहेत, कारण लपविण्यासारखे कोणापाशी काही असूच नये. तासांचे एक कोष्टक आहे. त्याबरहुकूम लक्षावधी माणसे एकाच क्षणी उठतात, एकाच क्षणी घास तोंडाशी नेतात, आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. दिवसातले दोन तास तेवढे ज्याचे त्याला मोकळे. डी-५०३ ला तेही खटकतात. एक दिवस हे दोन तासही कोष्टकात बसतील अशी त्याला आशा आहे! आम्हांला ह्या कादंबरीतील एक गंमत नेहमी आठवते. ह्या गणित्याच्या मते प्राचीन काळातील सर्वश्रेष्ठ वाङ्मयकृती कोणती, तर रेल्वेचे वेळापत्रक! आपल्यासारख्या, दर सुटीत आरक्षणाच्या चिंतेत गावी जाणाऱ्या मंडळींना त्या ग्रंथाचा महिमा सांगायला नको. पण वेळापत्रक हे प्रवासासाठी असते. कोठे जायचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे, केव्हा निघायचे हे वेळापत्रकाने सांगावयाचे. डी-५०३ च्या राज्यात कोठे जायचे हेही वेळापत्रकच सांगते.

पुढे ह्या सरळमार्गी माणसाच्या आयुष्यात आय-३३० नावाची बंडखोर स्त्री येते. त्याला स्वप्ने पडू लागतात, आणि वैद्य त्याला सांगतात, की तुला ‘आत्मा’ नावाचा आजार जडला आहे. अखेरीस राज्य एक शस्त्रक्रिया शोधून काढते. मेंदूतील कल्पनाशक्तीचे केंद्र क्ष-किरणांनी जाळून टाकावयाचे. डी-५०३ वर ती होते. शेवटच्या पानावर तो आपल्या प्रियेचा छळ शांतपणे पाहत बसलेला आहे आणि त्याला काहीच वाटत नाही.

सुखाचा तुरुंग

दुसरे नगर आल्डस हक्स्ले ह्यांचे. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही त्यांची कादंबरी १९३२ साली प्रसिद्ध झाली. तेथे छळ जवळजवळ नाहीच. मुले बाटल्यांत वाढवली जातात, आल्फापासून एप्सिलॉनपर्यंतच्या पाच जाती जन्मापूर्वीच ठरतात, आणि आपली जात सर्वांत सुखाची आहे हे प्रत्येकाच्या कानी झोपेत असताना हजारो वेळा घातले जाते. जन्मावरून काम ठरण्याचे आणि त्यातच समाधान मानावयास शिकविण्याचे दुःख ज्या समाजाने शतकानुशतके पाहिले, त्याला हक्स्ले ह्यांची ही प्रयोगशाळा फारशी परकी वाटू नये. कधी मन उदास झालेच, तर एक गोळी घ्यावयाची. तिचे नाव ‘सोमा’. आपल्या वैदिक सोमावरूनच ते घेतले, असे हक्स्ले ह्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे.

ह्या कादंबरीचे खरे मोल तिच्यातील वादात आहे. जगाच्या दहा नियंत्रकांपैकी मुस्तफा माँड हा एक. तो मूर्ख नाही, क्रूरही नाही. त्याच्या तिजोरीत बायबल आहे, आणि शेक्सपिअरही त्याने वाचलेला आहे. तो सांगतो, की आम्ही एकदा सायप्रस बेटावर बावीस हजार बुद्धिमान आल्फा नेऊन ठेवले आणि कारभार त्यांच्यावर सोपविला. हलके काम कोणालाच नको होते. सहा वर्षांच्या आत यादवी माजली, एकोणीस हजार मेले, आणि उरलेल्यांनी आम्हांला परत बोलावले. मग सांगा, स्वातंत्र्य बरे की सुख?

शेक्सपिअर वाचून वाढलेला जॉन हा ‘रानटी’ तरुण त्याला उत्तर देतो, की मला सुख नको; मला काव्य हवे, संकट हवे, पाप-पुण्य हवे. तेव्हा माँड शांतपणे म्हणतो, म्हणजे तू दुःखी होण्याचा हक्क मागतोस. जॉन होकार देतो. म्हातारपण, रोग, भूक, भय ह्या साऱ्यांसकट तो हक्क त्याला हवा आहे. पण तो त्याला झेपत नाही आणि शेवटी तो गळफास लावून घेतो.

ह्या शेवटाबद्दल हक्स्ले स्वतः समाधानी नव्हते. १९४६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले, की आपण जॉनपुढे दोनच मार्ग ठेवले, आणि दोन्ही वेडेपणाचे होते. पुन्हा लिहावयाची वेळ आली तर तिसरा, शहाणपणाचा मार्गही ठेवू. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ‘सुव्यवस्था हवी की स्वातंत्र्य, एकच काय ते बोला,’ असा प्रश्न जेव्हा कोणी विचारतो, तेव्हा प्रश्नातच लबाडी असण्याचा संभव असतो. तिसरा मार्ग कोणी आणि केव्हा बुजविला, हे आधी विचारावे.

मोतीहारीचा मुलगा

तिसरे नगर जॉर्ज ऑर्वेल ह्यांचे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मंडळींना हे ऐकून कौतुक वाटेल, की ह्या लेखकाचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतीहारी येथे झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. पुढे ईटनच्या शाळेत काही काळ त्यांना फ्रेंच शिकवावयास होते ते खुद्द आल्डस हक्स्ले. ऑर्वेल ह्यांनी ब्रह्मदेशात पोलिसाची नोकरी केली आणि दुसऱ्या महायुद्धात बी.बी.सी.वरून हिंदुस्थानसाठी कार्यक्रम केले. सत्तेची भाषा त्यांनी दोन्ही ठिकाणी आतून पाहिली. झाम्यातिन ह्यांची कादंबरी वाचून त्यांनी १९४६ च्या आरंभी तिच्यावर लेखही लिहिला. त्यांची स्वतःची ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ साली निघाली आणि १९५० च्या जानेवारीत ते वारले.

भिंतीवरचा सतत पाहणारा पडदा, रोज बदलणारा इतिहास, शब्द कमीकमी करीत नेलेली नवी भाषा, ह्या गोष्टी आता सर्वांना ऐकून माहीत आहेत. आम्ही एकाच प्रसंगाकडे लक्ष वेधतो. कैदेत पडलेल्या विन्स्टनला ओब्रायन विचारतो, की पक्षाला सत्ता कशासाठी हवी? विन्स्टनला वाटते, आपल्याला अपेक्षित उत्तर ठाऊक आहे. माणसे दुबळी आहेत, त्यांना स्वातंत्र्यापेक्षा सुख प्रिय आहे, म्हणून पक्ष त्यांच्या भल्यासाठी राज्य करतो, असे तो म्हणू लागतो. म्हणजे डोस्टोव्हस्कीच्या धर्माधिकाऱ्याचे आणि मुस्तफा माँडचेच उत्तर. त्यावर ओब्रायन यंत्राची कळ दाबून त्याला वेदना देतो आणि म्हणतो, की हे उत्तर मूर्खपणाचे आहे. पक्षाला सत्ता सत्तेसाठीच हवी आहे.

ऑर्वेल ह्यांनी येथे आपल्या पूर्वसूरींच्या सौद्यावरचा पडदाच ओढून काढला. सुखाच्या बदल्यात स्वातंत्र्य घेणारा, एकदा ते हाती आल्यावर, सुख देतच राहील कशावरून? विन्स्टनच्या लंडनमध्ये साखर नाही, बूट नाहीत, दाढीची पाती नाहीत. स्वातंत्र्य गेले आणि सुखही आले नाही. १९४९ च्या ऑक्टोबरात हक्स्ले ह्यांनी आपल्या ह्या जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहून कळविले, की राज्यकर्त्यांना लाथा-बुक्क्यांपेक्षा कमी खर्चाचे उपाय सापडतील. कोण खरे ठरले, हा वाद अजून संपलेला नाही. आज आपल्या खिशातला दूरध्वनी आपण कोठे आहोत हे दुसऱ्याला सांगू शकतो आणि त्याच वेळी आपली करमणूकही करतो. ऑर्वेल ह्यांचा पडदा आणि हक्स्ले ह्यांची गोळी अशी एकाच वस्तूत नांदताना पाहून गुरु-शिष्य दोघेही चकित झाले असते.

जे गेले ते दिसत का नाही

आणखी तिघांचा उल्लेख थोडक्यात करतो. रे ब्रॅडबरी ह्यांच्या १९५३ सालच्या ‘फॅरनहाइट ४५१’ मध्ये अग्निशामक दल पुस्तके जाळते. पण दलाचा प्रमुख बीटी सांगतो, की ह्याचा आरंभ सरकारी हुकुमाने झाला नाही; लोकांनीच वाचणे सोडले होते, आणि कोणाचेही मन दुखवू नये म्हणून पुस्तके आधीच पातळ होत गेली होती. अॅटवुड ह्यांच्या १९८५ सालच्या ‘द हँडमेड्स टेल’ मध्ये स्त्रियांना वाचण्याची बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांऐवजी चित्रे आहेत. तेथील आत्याबाई मुलींना शिकवतात, की पूर्वी काही करण्याचे स्वातंत्र्य होते, आता भयापासून स्वातंत्र्य आहे. ह्याला कमी लेखू नका. अॅटवुड ह्यांनी म्हटले आहे, की इतिहासात कोठे ना कोठे घडले नाही असे एकही कृत्य आपण ह्या कादंबरीत घातलेले नाही. आणि अर्सुला ले ग्विन ह्यांच्या १९७३ सालच्या एका छोट्या कथेत ओमेलास नावाच्या नगराचे सारे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या यातनांवर उभे आहे. सर्वांना ते ठाऊक आहे. बहुतेक जण डोळे पुसून घरी जातात. काही थोडे मात्र मुकाट्याने नगर सोडून चालू लागतात.

ही सारी नगरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक ठिकाणी नागरिकाकडून शेवटी जे काढून घेतले जाते, ते म्हणजे सौदा मोडण्याचे साधन. झाम्यातिनच्या राज्यात कल्पनाशक्ती जाळतात. मग वेगळे जग सुचणारच नाही. हक्स्ले ह्यांच्या राज्यात इच्छाच घडवतात. मग वेगळे काही हवेसे वाटणारच नाही. ऑर्वेलच्या राज्यात शब्द काढून घेतात. मग मागणी बोलता येणार नाही. ब्रॅडबरीच्या राज्यात स्मृती जाते, अॅटवुडच्या राज्यात अक्षर जाते.

बाजारात आपण पैसे देऊन वस्तू घेतो. ती खराब निघाली तर परत नेतो. दुःस्वप्ननगरीच्या दुकानदाराने मात्र किमतीत आपले पायच मागून घेतलेले असतात. आता परत कसे जाणार? म्हणून आमचे नम्र मत असे, की किती स्वातंत्र्य दिले आणि किती सुव्यवस्था मिळाली, एवढ्याच मोजमापाने भागत नाही. तीन प्रश्न विचारावे लागतात. किंमत कोण मोजतो? हिशेब कोण तपासतो? आणि सौदा आतबट्ट्याचा ठरला तर तो मोडता येतो का? ह्यांतील तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर असेल, तोवर कडक नियमसुद्धा सुसह्य असतात. तेथे ‘नाही’ आले, की सौम्य नियमही भयावह.

आपल्या देशाचा अनुभव

हे केवळ कादंबरीतले तर्कट नव्हे. ऑर्वेल ह्यांच्या जन्मतारखेलाच, २५ जून १९७५ रोजी, आपल्या देशात अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली. ‘अनुशासनपर्व’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. गाड्या वेळेवर येतात, कचेऱ्यांत माणसे जागेवर सापडतात, असे आवर्जून सांगितले जाई, आणि पुष्कळांना तो अनुभवही आला होता. किंमत मोजणारे मात्र वेगळे होते. ते विनाचौकशी तुरुंगात होते, आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्यामुळे त्यांचा हिशेब इतरांपुढे येत नव्हता. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी निर्णय दिला, की ह्या काळात स्थानबद्धाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे एकटे विरुद्ध राहिले. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याचा निर्भयपणे पुरस्कार केला. पुढे त्यांना तुरुंगवास घडला.

परंतु एक दार उघडे राहिले होते. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, आणि मतदारांनी तो सौदा मोडला. १९७८ साली चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती होऊन जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही, असे ठरले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा म्हणून मोडीत काढला. परत फिरण्याला चाळीस वर्षे लागली, तरी पाय शाबूत होते म्हणून फिरता आले.

घर, मंडळ आणि एक सर्वनाम

आता शेवटी घराकडे वळू. परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबात शिस्तीचा धागा थोडा अधिकच ताणलेला असतो. भाषा टिकावी, सणवार टिकावेत, मुलांनी वावगे पाऊल टाकू नये, ही काळजी खोटी नाही. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतो,’ हे वाक्य प्रत्येक आईबापाने उच्चारलेले आहे, आणि बहुधा ते खरेही असते. पण मुस्तफा माँडही हेच म्हणत होता. दोघांत फरक कोणता? फरक इतकाच, की आईबापांची सत्ता स्वतःला संपविण्यासाठी असते. लहान मुलाचा हात रस्त्यावर घट्ट धरावा लागतो. पण तो एक दिवस सोडण्यासाठी धरलेला असतो. मुलगी सुरक्षित राहावी म्हणून तिचा ठावठिकाणा आज दूरध्वनीवर पाहिला, तर तो केव्हा पाहणे थांबवावयाचे हे तिच्याशी बोलूनच ठरवावे. तिने ‘का?’ विचारले तर तो उद्धटपणा समजू नये. ज्या घरात ‘का?’ विचारता येते, तेथे दुःस्वप्ननगरीचा पाया खणला जात नाही.

मंडळाचेही तेच. नियम असावेत, पण ते दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे यावेत. विरोधी मत मांडणारा तरुण सभासद पुढच्या वर्षीही वर्गणी भरावयास येतो की नाही, ही आमच्या मते मंडळाच्या प्रकृतीची नाडी आहे.

आता झाम्यातिन ह्यांच्या कादंबरीचे नाव. रशियन, इंग्रजी किंवा हिंदीत ह्या अर्थाला एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. आपली मुले शेजारपाजारच्या हिंदीत दिवसभर ‘हम’ म्हणतात. घरी येऊन ती ‘आपण’ म्हणतात तेव्हा त्यांच्या नकळत ती एक फार मोठा भेद जपत असतात. एकमेव राज्य रोज ‘आपण’ असा घोष करते. परंतु पहिला माणूस ‘मला हे पटत नाही’ म्हणताच त्याला बाहेर काढून त्याचे ‘आम्ही’ होते. म्हणून त्या कादंबरीचे नाव मराठीत ‘आम्ही’ असेच असावयास हवे. व्याख्यात्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे आम्हीही तासभर स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून घेतले. तो रिवाज येथे संपवितो.

पटणारा आणि न पटणारा दोघेही ज्यात मावतात असे ‘आपण’ ह्या मंडळाने पन्नास वर्षे सांभाळले. शताब्दीच्या दिवशीही ते तसेच मोकळे असो.